‘आधी वीस किलो कमी करा’ असं मी पण सांगायचो

मी वजन कमी करायची ऑपरेशनं करणारा सर्जन. त्या ऑपरेशनबद्दल गोव्यातल्याच एका ताईंचं मला पत्र आलंय. पत्र असं आहे, ओळख काढून आणि थोडं आखूड करून देतोय:

“डॉक्टर, मी फोंड्याकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वय ३७, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११४ किलो. सहा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत तरी तीन महिन्यांची शुगर ८.९ आली. गुडघे दुखतात, रात्री एवढी घोरते की मुलगा दुसऱ्या खोलीत झोपायला गेला, मध्येच गुदमरून उठते, आणि दुपारी वर्गात खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. भात सोडून बघितला, दोन डाएटिशियन झाल्या, डब्यातली पावडर झाली, सकाळचं चालणं झालं. एकदा १७ किलो उतरवले, दीड वर्षात २२ परत आले. गेल्या महिन्यात एका डॉक्टरांकडे गेले तर माझ्या नववीतल्या मुलाला म्हणाले, आईच्या फ्रिजला कुलूप लाव रे. मुलगा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. आता ऑपरेशनचा विचार करतेय, नवरा हो म्हणतोय, सासूबाई म्हणतात चांगलं पोट कापून घ्यायची काय गरज, तोंड आवरलं की झालं. मला विचारायचंय, हा खरंच शॉर्टकट आहे का? आजकाल इंजेक्शनं निघालीत म्हणतात, ती का नकोत? भीती पण वाटते, मुलगा अजून लहान आहे. आणि राग मानू नका, पण तुम्ही सर्जन, तुम्ही ऑपरेशनच सांगणार. तुम्ही हे काम का निवडलंत ते आधी सांगा, मग बाकीचं ऐकते.”

ताई, राग कसला, हा प्रश्न तर प्रत्येकाने विचारायला हवा आणि फार थोडे विचारतात. तुम्ही म्हणता तसं तेच आधी सांगतो.

मी साधा जनरल सर्जन होतो. हर्निया, पित्ताशय, अपेंडिक्स, मूळव्याध, हेच रोजचं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी ज्या हॉस्पिटलात होतो तिथे ओपीडीत एक मावशी यायच्या, बाजारात फुलं विकायच्या, अबोलीच्या आणि जायांच्या फाती, म्हणजे गजरे. गर्भाशयाची पिशवी काढली होती, त्या जुन्या टाक्यांवर हर्निया आलेला, चांगला नारळाएवढा. वजन १२० च्या वर. मी सांगितलं, मावशी, ह्या वजनावर ऑपरेशन केलं तर हर्नियावर बसवायची जाळी टिकणार नाही, आधी वीस किलो कमी करा, मग या. हे काही मी मनाचं सांगितलं नव्हतं, आम्हाला शिकवलंय तसंच, आणि ते खोटं पण नाही, वजन जास्त असलं की जखम पिकते, हर्निया परत होतो. पण वीस किलो कमी करायचे कसे ते मी सांगितलं नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं. एक छापील डाएटचा कागद होता, सकाळी ओट्स, दुपारी सलाड, रात्री सूप, तो त्यांच्या हातात दिला. पहाटे चारला उठून फुलं आणायला जाणारी बाई, दुपारचं शीत-कडी (भात आणि कालवण) बाजारातच डब्यातून खाणारी, तिने ओट्स कुठे शिजवायचे ह्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा चार किलो कमी झाले होते, मी म्हटलं अजून सोळा. सहा महिन्यांनी आल्या तेव्हा ते चार परत येऊन वर दोन चढलेले. तिसऱ्या वेळी मी केसपेपरवरून मान वर पण न करता म्हणालो, मावशी, तोंड जरा आवरा हो. बाहेर रांग होती, बाजूला दोन इंटर्न उभे होते, त्यातला एक हसला. मावशी “बरं” म्हणाल्या, केळीच्या पानात गुंडाळून आणलेली फाती नेहमीसारखी सिस्टरच्या टेबलावर ठेवली आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

मग वर्षभराने गणेशचवथीच्या दिवसांत रात्री दीड वाजता मला फोन आला. मावशी कॅज्युअल्टीत होत्या. बीपीचा पट्टा दंडाला पुरत नव्हता, गुंडाळला की हवा भरताना टर्र करून सुटायचा, शेवटी सिस्टरने वरून बँडेज बांधलं आणि वॉर्डबॉयने दोन्ही हातांनी तो दाबून धरला तेव्हा कुठे बीपी कळलं, ते साठ होतं. हर्नियात आतडं अडकलेलं, वरची कातडी निळी-काळी. दोन दिवस उलट्या होत होत्या. मी त्यांच्या मुलीला विचारलं, दोन दिवस घरी का ठेवलंत? तर ती म्हणाली, आई यायलाच तयार नव्हती, वजन कमी केल्याशिवाय गेले तर डॉक्टर ओरडतील म्हणत होती.

डॉक्टर म्हणजे मी.

आम्ही अडीच फूट आतडं काढलं. नऊ दिवस व्हेंटिलेटर. वाचल्या त्या, देवाच्या आणि भूल देणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या कृपेने, हे मी मनापासून लिहितोय, कारण त्या रात्री माझ्यापेक्षा तिने जास्त केलं. घशातली नळी काढल्यावर दुसऱ्या दिवशी मी राऊंडला गेलो तर मावशींनी माझा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात पहिलं काय बोलल्या तर, “डॉक्टर, वजन कमी करायचं राहिलंच हो माझं, रागावू नका.”

ज्या माणसामुळे ती बाई दोन दिवस घरी तडफडत राहिली त्याचीच ती माफी मागत होती. ताई, माझ्या कामाचं कारण एवढंच आहे. त्यानंतर मी वाचायला लागलो, चाळिशी उलटल्यावर दुसऱ्या शहरात जाऊन ज्यांना हे काम येतं त्यांच्या हाताखाली परत शिकाऊ म्हणून उभा राहिलो, आणि परत आल्यावर स्वतःचं सुरू केलं तेव्हा पहिली खरेदी दुर्बिणीची नव्हती, खुर्च्यांची होती. हात नसलेल्या, रुंद, भक्कम. हात असलेल्या खुर्चीत न मावणारा माणूस हॉस्पिटलात तासभर भिंतीला टेकून उभा राहतो आणि विचारलं तर “बसून कंटाळा आला” म्हणतो, हे मी स्वतः बघितलंय. मग मोठे बीपीचे पट्टे घेतले, ३०० किलोपर्यंतचा काटा घेतला, तो आतल्या खोलीत दार लावून ठेवला. आकडा कागदावर लिहायचा, मोठ्याने वाचायचा नाही, हा आमच्याकडे नियम आहे. म्हापशाच्या एका शिंप्याकडून मोठे गाऊन शिवून घेतले जे पाठीमागे उघडे राहत नाहीत. ह्यात वैद्यकशास्त्र काही नाही, पण माणूस परत यायला पाहिजे ना, परत आला तरच पुढचा इलाज.

पैसे मी पण घेतो, हे माझं पोट भरायचं काम आहे, ते लपवत नाही. म्हणूनच माझ्या एकट्याच्या बोलण्यावर ठरवू नका, ते कसं ठरवायचं ते पुढे सांगतो.

आता शॉर्टकटचं. तुमच्याच पत्रात उत्तर आहे, १७ उतरवले आणि २२ परत आले. तुम्हाला वाटतं तुम्ही हरलात. मी ते वाक्य वाचतो तेव्हा मला दिसतं की ह्या बाईत १७ किलो उतरवायची जिद्द होती, म्हणजे प्रश्न जिद्दीचा नाहीच. शरीरातली चरबी म्हणजे गोदामात पडलेला माल नव्हे, ती मेंदूशी सतत बोलत असते. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं, चरबीतून निघणारं हॉर्मोन, जे मेंदूला सांगतं की साठा भरपूर आहे. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. १९९९ मध्ये जपानच्या संशोधकांनी घ्रेलिन शोधलं, ते मुख्यतः जठरातून निघतं आणि भूक लावतं, डाएट करून वजन उतरलं की हे वाढतं. म्हणजे एकीकडे भूक वाढते आणि दुसरीकडे शरीर खर्च कमी करतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये आला, तर बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं आणि तरीही त्यांचं शरीर आराम करताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनी पण! अशा शरीराला “तोंड आवर” सांगणं म्हणजे श्वास कोंडून धर सांगण्यासारखं आहे, थोडा वेळ जमतं, मग शरीर आपल्याला विचारत नाही. तुम्ही १७ किलो उतरेपर्यंत धरलात.

ऑपरेशन ह्या हॉर्मोनच्या भानगडीत हात घालतं म्हणून ते चालतं, नुसतं पोट लहान होतं म्हणून नव्हे. ऑपरेशनचे मुख्य दोन प्रकार. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढतात, उरतं ते केळ्यासारखं लांबट नळकांडं, आणि जो भाग जातो त्यातच घ्रेलिन बनवणारा वरचा फुगीर भाग असतो, म्हणून भूक खरोखरच कमी लागते. बायपास नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराचा वरचा अगदी छोटा कप्पा वेगळा करून तो सरळ पुढच्या आतड्याला जोडतात, अन्न लवकर खाली पोचतं आणि आतड्यातून शुगर आणि भूक खाली आणणारी जीएलपी-वनसारखी हॉर्मोन्स जास्त सुटतात, म्हणून शुगर कित्येकांची वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा लॅबवाल्याला परत तपासायला लावलं होतं. हे काल-परवाचं फॅड पण नाही. १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन ह्या सर्जनने पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं, अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन वाढत नाही हे बघून त्यांना ते सुचलं. आता हे सगळं दुर्बिणीने, पोटावर चार-पाच छोट्या छिद्रांतून होतं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४६ च्या आसपास येतो. २०२२ मध्ये जगभरच्या सर्जनांच्या संघटनांनी नियम बदलले, ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, आणि आपण आशियातले लोक कमी वजनातच शुगर-बीपीला बळी पडतो म्हणून आपल्यासाठी तो आकडा २७.५ इतका खाली आणला. शुगर असलेल्या ४६ च्या माणसाने विचार करावा की नाही ह्यावर आज मतभेद राहिलेला नाही. करावं की नाही हे मात्र तुम्ही ठरवायचं.

आणि आपल्या गोव्याचं सांगतो, आयसीएमआर ह्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत, २०२३ ला प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्याकडे निघालं, २६.४ टक्के. मोठ्या माणसांत चारात एक. त्यामुळे तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तुम्ही एकट्या नाही आहात, बाकीच्या बोलत नाहीत एवढंच.

भीतीबद्दल. ती असायलाच हवी, ज्याला भीती वाटत नाही त्याला मी परत बसवून समजावतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २००९ चा, ऑपरेशननंतर ३० दिवसांत हजारात तीन माणसं गेली. आकडा लहान आहे पण शून्य नाही, आणि ज्याचं माणूस जातं त्याला हजारातले बाकीचे किती वाचले ह्याचं काय. टाक्यांच्या रेषेतून गळती होऊ शकते, पायात रक्ताची गुठळी होऊन फुप्फुसात जाऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. माझ्या हातून गळती झालेली आहे, तो माणूस सात आठवडे आमच्याकडे होता आणि मी त्याच्या बायकोला रोज संध्याकाळी समोर बसवून काय चाललंय ते सांगायचो, तेव्हा मला कळलं की ऑपरेशनच्या आधी हे सगळं स्पष्ट सांगणं किती महत्त्वाचं. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पण बघा. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात चार हजारांवर माणसं, साधारण अकरा वर्षांनी ऑपरेशन केलेल्यांत मृत्यू न केलेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी निघाले. मुलगा नववीत आहे म्हणून ऑपरेशन नको, असं तुम्हाला वाटतंय. आज ह्या शुगरबरोबर आणि ह्या झोपेबरोबर पुढची वीस वर्षं, ती पण तुमच्या मुलाचीच आहेत ना.

नंतरचं आयुष्य कसं असतं ते फार कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीचं पातळ खाणं, कारण लिव्हर चरबीने फुगून जठरावर पांघरुणासारखं पसरलेलं असतं, ते आक्रसलं की आम्हाला आत जागा मिळते. नंतरचे पहिले दोन आठवडे पातळच. पेजेची निवळ, गाळलेलं सूप, ताक, प्रोटीनची पावडर, वाटीवाटीने नाही तर घोटाघोटाने. मग घोटलेलं, मग मऊ, दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, पण ताटली बशीएवढी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्ध्या तासाने. दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे आणि इथे आपल्याकडची एक अडचण येते, सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी), श्रावण अख्खा शिवराक, त्या दिवसांत लोक नुसतं शीत आणि भाजी खातात आणि केस पुंजक्याने गळायला लागतात. नुस्तं (मासे) चालतं त्या दिवशी बांगड्याचा तुकडा आधी, शीत मागून. शिवराक असेल तर मूगगाठी (मुगाचं कालवण), पनीर, ताक, मसूर. ज्यांच्या घरी चवथीला पाच दिवस नेवऱ्या आणि पातोळ्यांचं गोडधोड असतं त्यांनी घाबरायचं कारण नाही, एक पातोळी खाता येते, बायपास असेल तर दोन खाल्ल्यावर काहींना घाम फुटतो, छातीत धडधडतं, आडवं व्हावं लागतं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आयुष्यभर, आणि वर्षातून एकदा रक्त तपासणी, चांगलं वाटायला लागलं की हेच सगळ्यात आधी सुटतं. सतत उलट्या व्हायला लागल्या तर घरी बसायचं नाही, बी-१ कमी झालं तर मेंदूवर परिणाम होतो, लगेच फोन. दारू फार लवकर चढते आणि काहींना सवय लागते, तुम्ही घेत नाही असं गृहीत धरतो, पण हे वाचणाऱ्यांत घेणारे असतील म्हणून लिहिलं. आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबा, पाळी नियमित होते आणि नको तेव्हा दिवस जातात, म्हणून काळजी घ्यायची.

आता सांगा ताई, ह्यात शॉर्टकट कुठे आहे.

वजन थोडं परत पण येतं काहींचं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी. शुगर परत येऊ शकते, पण जितकी वर्षं ताब्यात राहिली तितके डोळे आणि किडन्या वाचतात. तुमची सहाच वर्षांची आहे आणि इन्सुलिन लागत नाही, म्हणजे तुम्हाला फायदा होण्याची शक्यता चांगली. पंधरा वर्षं इन्सुलिनवर असलेल्याला मी एवढ्या भरवशाने सांगत नाही.

इंजेक्शनं चांगली आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही, माझ्या काही रुग्णांना मीच फिजिशियनकडे पाठवलंय. त्यातलं टिर्झेपटाइड नावाचं इंजेक्शन आपल्याकडे मार्च २०२५ ला आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच जूनमध्ये. सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसने २० च्या वर वजन उतरल्याचे चांगले अभ्यास आहेत, ऑपरेशनने २५ ते ३०. पण औषध बंद केलं की भूक परत येते, सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आल्याचं दिसलंय, म्हणजे ते बीपीच्या गोळीसारखं चालू ठेवायचं औषध आहे. तुमच्या पगारात दर महिन्याला ते किती वर्षं झेपेल त्याचा हिशोब आधी करा. ऑपरेशनची भीती जात नसेल तर इंजेक्शनने सुरुवात करून बघण्यात काही गैर नाही, सहा महिने घ्या, शुगर बघा, मग ठरवा. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका तेवढं. इन्शुरन्स असेल तर पॉलिसी काढून बघा, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांत बीएमआय ४० च्या वर असेल तर वजनाच्या ऑपरेशनला सरसकट नकार देता येत नाही, ह्या अटी बऱ्याच एजंटना पण ठाऊक नसतात आणि ते सरळ “कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही” सांगून मोकळे होतात. हे कॉस्मेटिक नव्हे. लग्नाच्या आधी बारीक व्हायचंय म्हणून २६ बीएमआयची मुलगी आली होती तिला मी परत पाठवली, तिची आई माझ्यावर चिडली, चालायचंच.

सर्जन कसा ओळखायचा ते सांगतो म्हटलं होतं. दोघांना तरी भेटा, मी त्यातला एक असलो काय नसलो काय. विचारा, वर्षाला किती करता, गळती झाली तर रात्री कोण बघणार, आयसीयू ह्याच इमारतीत आहे का, डाएटिशियन रोज असते की फोनवर, दोन वर्षांनी माझं रक्त कोण तपासणार. ज्यांचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झालीत अशा कोणाशी बोलायला मिळेल का विचारा, तीन महिने झालेल्याशी नको, तो अजून आनंदातच असतो. ऑफर ह्या महिन्यापुरती आहे असं कोणी म्हणालं तर उठून या. आणि बघा, तो तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघतो, की तुमच्या पोटाकडे बघतो, की फाईलकडे बघतो.

सासूबाईंना वाईट ठरवू नका. त्यांच्या पिढीत पोट उघडायचं म्हणजे माणूस परत येईल की नाही ही भीती होती, ती प्रेमातूनच येते, फक्त बाहेर टोमणा होऊन पडते. त्यांना एकदा बरोबर घेऊन या, डॉक्टर कोणी का असेना. माझ्याकडे अशा सासवा येतात, पहिली दहा मिनिटं हाताची घडी घालून बसतात आणि मग हळूच विचारतात, मग पेज किती पातळ करायची? तुमच्या घरी पेज त्याच करणार असतील तर त्यांना हे कळायलाच पाहिजे.

मुलाचं मात्र आजच करा. त्याने त्या खोलीत जे ऐकलं ते तो कोणाला सांगणार नाही, नववीतली मुलं सांगत नाहीत, पण त्याच्या मनात आता दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे आईचा आजार ही आईची चूक आहे, आणि दुसरी म्हणजे तो तिथे काही बोलला नाही ही त्याची चूक. ह्या दोन्ही खोट्या आहेत आणि हे त्याला तुमच्या तोंडून कळायला हवं. माझ्या त्या मावशींची मुलगी अजून भेटते, लग्न होऊन डिचोलीला असते, मावशी पण आहेत, हर्निया पुढे मी नीट केला, बाजारात बसणं मात्र सुटलं. ती मुलगी मला एकदा म्हणाली, ओपीडीत तो इंटर्न हसला तेव्हा मी पण होते, मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांनी तिला ते आठवत होतं आणि मला ती तिथे होती हेच आठवत नव्हतं. तर मुलाला जवळ बसवा आणि सांगा की त्या डॉक्टरांचं बोलणं चुकीचं होतं, त्याच्या डोळ्यादेखत चुकीचं होतं, आणि एक दुसरा डॉक्टर पण हेच म्हणतो.

आणि एक काम ह्या आठवड्यात करा, ऑपरेशन करायचं ठरो वा न ठरो. घोरणं, मध्येच गुदमरून उठणं, दिवसा बसल्या जागी झोप लागणं, ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, झोपेत श्वास थांबतो, ऑक्सिजन खाली जातो, त्याने बीपी आणि हृदय दोन्ही बिघडतं, शुगर पण ताब्यात येत नाही. स्लीप स्टडी करून घ्या, हल्ली तपासणीचं मशीन घरी देतात, बोटाला आणि नाकाला लावून एक रात्र झोपायचं असतं. पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मी विचारतो, शाळेत स्कूटरने जाता का? जात असाल तर रिपोर्ट येऊन झोपेत श्वास चालू ठेवणारं उपचाराचं मशीन सुरू होईपर्यंत चालवू नका, नवऱ्याला सोडायला सांगा, नाहीतर बसने जा.